उस्ता हमराकुलची लाथ

उस्ताच्या, म्हणजे मुरलेल्या गवंड्याच्या, आशीर्वादाशिवाय रचलेली भिंत उभी राहत नाही. कोकंदमध्ये हे सत्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे आणि त्यावर वाद घालणाऱ्याला चायखान्यात कोणी गरम चहा देत नाही. आता, शहराबाहेर रोज एक मजला चढणाऱ्या नव्या घरांच्या बहुतेक भिंती कोणाच्याही आशीर्वादाविना उभ्या आहेत, आणि गेल्या वसंतात आमच्या मोहल्ल्यात जी एकमेव भिंत पडली ती उस्ता हमराकुलने स्वतःच्या हाताने रचलेली होती. पण एका भिंतीवरून परंपरेला नावं ठेवू नयेत, असं खुद्द उस्ता हमराकुलचंच मत होतं. शिवाय ती भिंत रचली त्या दिवशी एगमबेर्दी तापाने घरी होता, हे तो कोणाला सांगत नसे.

एगमबेर्दी हा हमराकुलचा शागीर्द. शागीर्द म्हटलं की डोळ्यांसमोर पोरसवदा कोणी येतं. एगमबेर्दीच्या कानावरचे केस पिकले होते आणि त्याची मोठी मुलगी यंदा शाळा संपवत होती. तरी तो शागीर्दच, कारण त्याच्या कमरेला शेला बांधलेला नव्हता. शिकणं पुरं झालं की उस्ताने मोहल्ल्यासमोर शागीर्दाच्या कमरेला शेला बांधायचा, सगळ्यांनी हात पसरून आमीन म्हणायचं, मग शागीर्दाने उस्ताच्या खांद्यावर नवा चापान, म्हणजे अस्तराचा लांब अंगरखा, घालायचा आणि सगळ्यांनी पलाव खायचा. तोवर शागीर्दाने स्वतःचं काम घ्यायचं नाही. घेतलं तर त्या घरात बरकत राहत नाही. एगमबेर्दीच्या सासऱ्याने मुलगी दिली होती ती ‘यंदा शेला होतोच आहे’ या भरवशावर. ते ‘यंदा’ अजून उजाडायचं होतं. सासरा दर नवरोजला येई, जावयाच्या कमरेकडे बघे आणि गुपचूप सणाची गोड सुमलक खाऊन परत जाई.

शेल्याआधी परीक्षा असे. शागीर्दाने छातीएवढा विटांचा खांब रचायचा आणि उस्ताने त्याला लाथ मारायची. खांब राहिला तर शेला. ही रीत हमराकुलचे उस्ता, कैलासवासी नव्हे, जन्नतनशीन युल्दाशबाबा यांची. युल्दाशबाबा खांब रचून झाल्यावर घरी जात, जेवत, झोपत आणि दुसऱ्या दिवशी नमाज उरकून, चहा पिऊन लाथ मारत. हमराकुलने रीत तीच ठेवली, फक्त मधलं जेवण आणि झोप काढून टाकली. एगमबेर्दीने वरची वीट ठेवून थापी पुसायच्या आत लाथ बसे. ओल्या मालावर उभा असलेला खांब जगात कुठेही पडतो. तो पडला की हमराकुल खिन्नपणे मान हलवून म्हणे, “हात अजून बसला नाही तुझा. घाई काय आहे?”

घाई हमराकुलला नव्हती, कारण विटा सरळ लावायला ताणलेल्या एका दोरीच्या जागी त्याला दोन दोऱ्या दिसू लागल्या होत्या. दोन्हींतली खरी कुठली ते कळत नसल्यामुळे तो वीट मधोमध ठेवी. चष्मा लावता आला असता. पण चष्मा लावलेला गवंडी कोकंदने पाहिला नव्हता, आणि तो पहिल्यांदा बघून हसण्याचा मान हमराकुलला जाकिरला द्यायचा नव्हता. बाकीचे शागीर्द केव्हाच रशियाला गेले होते. राहिला एगमबेर्दी. त्याचा हात होता म्हणून हमराकुल उस्ता होता. शेला बांधला की हात गेला.

जाकिर हे हमराकुलचं जुनं दुखणं. दोघं एकाच दिवशी युल्दाशबाबांकडे आले, एकाच घमेल्यात माल कालवला, एकाच नानचे दोन तुकडे करून खाल्ले. पण बाबांनी जाकिरला शेला आधी बांधला, हमराकुलला पुढच्या वसंतात. “कापड संपलं होतं,” असं बाबा म्हणाले होते. हमराकुलचा त्यावर आजही विश्वास बसलेला नव्हता.

आता त्या जाकिरने शहराबाहेर घरं बांधणाऱ्या ठेकेदाराच्या पैशाने गवंडीकामाचं शिक्षणकेंद्र काढलं होतं. ठेकेदाराला गवंडी हवे होते आणि गवंडी सगळे मॉस्कोत. तेव्हा जाकिर तीन महिन्यांत माणसाचा गवंडी करून देई. पांढरं हेल्मेट, पिवळं जाकीट, हातात नवी थापी, आणि फाटकावर जाकिरचा फोटो, तोही खरा जाकिर मावणार नाही एवढा मोठा. लग्नाकार्यात जाकिर नव्या चापानात दिसला की हमराकुल शेजाऱ्याला विचारी, “हा मागच्या सुंतेत घातलेलाच ना?” नसे. मग हमराकुलला पलाव कडू लागे.

“अहो,” त्याची बायको मुकद्दस एकदा म्हणाली, “तो काय खातो, काय घालतो, कधी शिंकतो, एवढी खबर तर त्याच्या बायकोलाही नसेल. आपल्या मुलीचं ठरवलं तेव्हा जावयाची एवढी चौकशी केली असती, तर ती आज आपल्याकडे राहायला नसती.”

“मी कुठे चौकशी करतो? लोक येऊन सांगतात.”

“लोक येऊन सांगतात, कारण तुम्ही त्यांना थांबवून विचारता.”

त्या शरदात हमराकुल आणि एगमबेर्दी गुरांचा व्यापारी उमुरझाक याच्या धाकट्या मुलाचं घर बांधत होते. मुलाचं लग्न बर्फ पडायच्या आत व्हायचं होतं. रस्त्याकडची भिंत खांद्याएवढी झाली असताना एक दिवस जाकिर तिथे आला. हमराकुल सावलीत बसून चहा पीत होता, एगमबेर्दी विटांचा पुढचा रद्दा चढवत होता. जाकिर भिंतीपाशी थांबला. कोपऱ्यावर तळवा ठेवला, एक डोळा मिटला, खालून वर पाहिलं, मग वरून खाली पाहिलं. हमराकुलचा चहा निवला.

“हा कोपरा कोणाच्या हातचा?” जाकिरने विचारलं. चारचौघांत दोघं एकमेकांना अहोजाहो करत. “तुमच्या की याच्या?”

“माझ्या,” हमराकुल म्हणाला.

एगमबेर्दी खाली वाकून विटेवर पाणी शिंपडू लागला.

“बरं,” जाकिर म्हणाला आणि खिशातून मूठभर बेदाणे काढून एगमबेर्दीच्या हातावर ठेवून निघून गेला.

त्या ‘बरं’ने हमराकुलची झोप उडवली. ‘बरं’ म्हणजे मान्य? की ‘बरं, बरं, कळलं’? आणि बेदाणे त्याला का? उस्ता समोर बसलेला असताना बेदाणे आधी उस्ताला द्यायचे असतात. रात्री त्याने मुकद्दसला तसं बोलून दाखवलं.

“घरात पोतंभर आहेत बेदाणे,” ती म्हणाली. “देऊ का मूठभर?”

“प्रश्न बेदाण्यांचा नाही.”

“माहीत आहे. झोपा.”

दुसऱ्या दिवशी त्याने एगमबेर्दीला सहज म्हणून विचारलं, “गोड होते का रे?”

“काय, उस्ता?”

“बेदाणे.”

“मुलांना दिले.”

म्हणजे घरापर्यंत पोचले. हमराकुलने मनात नोंद केली. मग हळूहळू त्याला सगळीकडे जाकिर दिसू लागला. एगमबेर्दी दुपारी जरा उशिरा आला तर तो जाकिरकडे गेलेला. लवकर आला तर जाकिरने शिकवलेला. एगमबेर्दी काम करताना शीळ घालू लागला तेव्हा तर हमराकुलने थापी खालीच ठेवली. “आनंदात आहेस हल्ली,” तो म्हणाला. एगमबेर्दीने शीळ थांबवली. मग हमराकुलला वाटलं, थांबवली का? लपवण्यासारखं काही नसतं तर माणूस शीळ कशाला थांबवेल?

बातमी पक्की केली ती सोतिबोल्दी न्हाव्याने. चायखान्याच्या ओसरीवर त्याचा आरसा टांगलेला असे, आणि दाढी अर्धी झाल्यावर गिऱ्हाइकाला उठून जाता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“शुक्रवारी जाकिरकडे पलाव आहे,” सोतिबोल्दी हमराकुलच्या गळ्याशी वस्तरा धरून म्हणाला. “त्याच्या पोरांना शेले बांधणार म्हणे. घाऊक.”

“बांधू दे. तीन महिन्यांच्या कमरेला शेला राहत नाही, घसरतो.”

“तसं नाही. एगमबेर्दीचं विचारत होता. वय काय झालं, अजून शेला कसा नाही, एवढा हात वाया चाललाय. इथे बसूनच म्हणाला.”

“मग?”

“मग काय? शुक्रवारी शेले आहेत आणि एगमबेर्दीला शेला नाही. दोन आणि दोन किती, उस्ता? हलू नका, कापेल.”

हमराकुल हलला. थोडं कापलं.

घरी येईपर्यंत त्याने शुक्रवारचा सगळा सोहळा डोळ्यांपुढे पाहून घेतला होता. जाकिर शेला बांधतोय, एगमबेर्दी जाकिरच्या हाताचं चुंबन घेतोय, जाकिरच्या खांद्यावर नवा चापान पडतोय. तो चापान, जो हमराकुलचा. आणि मग जन्मभर कोणी विचारलं, ‘एगमबेर्दी कोणाचा शागीर्द?’ तर उत्तर: ‘जाकिरचा.’ माल कालवायला शिकवलं हमराकुलने, थापी हातात दिली हमराकुलने, खांब पाडले हमराकुलने, आणि नाव जाकिरचं.

हात जाईल हे दुःख होतंच. पण हात जाकिरकडे जाईल हे त्याहून मोठं निघालं, आणि ते इतकं मोठं निघालं की पहिलं त्याच्या पाठीमागे दिसेनासं झालं.

“गुरुवारी पलाव,” त्याने घरात पाऊल टाकताच जाहीर केलं. “एगमबेर्दीला शेला बांधतोय.”

मुकद्दस कणीक मळत होती. तिचे हात थांबले. “बरं वाटतंय ना तुम्हाला?”

“त्याची वेळ झाली.”

“वेळ तर आपल्या घरी पहिला टीव्ही आला तेव्हाच झाली होती. आज काय झालं?” मग तिने त्याच्या गळ्यावरचं कापलेलं पाहिलं. “न्हाव्याकडे गेला होतात. मग बरोबर.”

एगमबेर्दीला सांगितलं तेव्हा त्याने हातातली थापी पुसून खाली ठेवली. मग म्हणाला, “खांब कधी रचू?”

“आजच रच. आणि माल घट्ट कालव. सिमेंटची काटकसर नको.”

“आज? लाथ तर गुरुवारी आहे ना, उस्ता?”

“म्हणून तर आज.”

एगमबेर्दीने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उस्ताकडे टक लावून पाहिलं. “तोपर्यंत खांब दगड होईल. तुमच्या पायाला…”

“माझ्या पायाचं मी बघतो. तू खांबाचं बघ.”

गुरुवारी हमराकुलच्या अंगणात मोहल्ला जमला. कढईखाली जर्दाळूची लाकडं पेटली, पिवळी गाजरं सोलली गेली, म्हाताऱ्यांना वरच्या ओसरीवर गाद्या दिल्या. एगमबेर्दीचा सासरा सकाळपासूनच येऊन बसला होता आणि जावयाच्या कमरेवरून नजर हटवत नव्हता. जाकिरलाही बोलावणं होतं. बोलावलं नसतं तर त्याने पाहिलं कसं असतं? तो आला, नवा चापान घालून, आणि म्हाताऱ्यांनी आग्रह करून त्याला अगदी पुढे, खांबासमोर बसवलं.

“मुबारक, उस्ता,” जाकिर म्हणाला. “आमच्या शुक्रवारची हवा काढलीत तुम्ही. आज जेवलेली माणसं उद्या काय जेवणार?”

“भूक असेल तर जेवतील,” हमराकुल म्हणाला. त्याला मनातून फार बरं वाटलं.

त्याने ठरवलं होतं की लाथ हलकीच मारायची, नावाला. खांब आता दगड होता, त्याला पाडण्याचा प्रश्नच नव्हता. तो खांबासमोर उभा राहिला. बिस्मिल्ला म्हणाला. आणि तेवढ्यात त्याला जाकिर दिसला. जाकिरने एक डोळा मिटून खांब खालून वर पाहिला, मग वरून खाली पाहिला, आणि हसून मान हलवली. ही मान खांबासाठी होती. खांब रचणाऱ्यासाठी होती. अशी मान त्याने हमराकुलच्या एकाही भिंतीला कधी हलवली नव्हती.

मग जी लाथ बसली ती नावाला नव्हती. तिच्यात न संपलेलं कापड होतं, फाटकावरचा फोटो होता, बेदाणे होते. अंगणाबाहेर बांधलेलं गाढव बिचकलं. खांब जागचा हलला नाही.

हमराकुलचा बूट फाटला नाही, पण आत काहीतरी कट्‌ झालं. त्याचे डोळे भरून आले. तसाच लंगडत तो एगमबेर्दीपाशी गेला, शेल्याची घडी केली, दोन्ही हातांनी त्याच्या कमरेभोवती बांधली आणि गाठ मारताना गालांवरून पाणी ओघळू दिलं, कारण पुसायला हात मोकळा नव्हता.

“बघा,” एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, “याला म्हणतात उस्ता. पोटच्या पोरासारखं रडतोय.” दुसराही रडू लागला. जाकिरनेसुद्धा डोळे टिपले. सगळ्यांनी हात पसरले आणि आमीन म्हटलं. सर्वांत मोठ्याने सासरा म्हणाला.

मग एगमबेर्दीने उस्ताच्या खांद्यावर चापान घातला. चापानाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. पहिल्या खांबाच्या वेळीच शिवून ठेवलेला तो. तेव्हापासून पेटीत होता. त्या काळी हमराकुल सडपातळ होता. आता पुढची टोकं पोटावर एकमेकांना भेटेनात. हमराकुलने अस्तर चाचपून पाहिलं. अस्तर जाकिरच्या चापानाहून चांगलं होतं.

शनिवारी सकाळी एगमबेर्दी आला तो कामाच्या कपड्यांत नव्हता. इस्त्री केलेला सदरा, त्यावर शेला.

“उस्ता, सांगायला आलो. जाकिरआकांनी केंद्रात शिकवायला बोलावलंय. महिन्याचा पगार आहे, छताखाली काम आहे.” तो थांबला. “उमुरझाकच्या भिंतीचं मी येऊन-जाऊन बघेन.”

हमराकुलचा पाय बादलीत होता. त्याने तो बाहेर काढला, बुटात कोंबला आणि लंगडत थेट शहराबाहेर जाकिरच्या केंद्रात गेला. जाकिर विटांच्या ढिगावर बसून काकडी खात होता. आजूबाजूला कोणी नव्हतं, तेव्हा अहोजाहो संपलं.

“तू त्याला शुक्रवारी शेला बांधणार होतास,” हमराकुल म्हणाला.

“मी? एगमबेर्दीला?” जाकिरने काकडी खाली ठेवली. “दुसऱ्याच्या शागीर्दाला शेला? उस्ता हयात असताना? वेड लागलंय का तुला? मोहल्ल्याने माझ्या दारात थुंकायला रांग लावली असती. हे तर कालचं पोरही सांगेल.”

हमराकुल बाजूच्या विटांवर टेकला. ही रीत एगमबेर्दीला तो स्वतःच ऐकवत आला होता, दर खांबानंतर.

“मग चायखान्यात त्याचं विचारत का होतास?”

“मला शिकवणारा हवा होता. बिनशेल्याचा ठेवला तर लोक पोरं पाठवणार नाहीत. म्हणून विचारलं, कधी बांधतोय हमराकुल? दोन वर्षं विचारतोय.” त्याने काकडीचं दुसरं टोक मोडून हमराकुलपुढे धरलं. “तो कोपरा बघितला तेव्हा तर राहवलंच नाही.”

“कोपरा माझ्या हातचा होता.”

“बरं,” जाकिर म्हणाला.

फाटकावर नवा फलक लागला होता. जाकिरच्या फोटो आणि नावाखाली एगमबेर्दीचा लहान फोटो, आणि त्याखाली अक्षरं: ‘उस्ता हमराकुलचा शागीर्द’. हमराकुल फलकाजवळ गेला. त्याने जाकिरच्या आणि स्वतःच्या नावाच्या अक्षरांची उंची बोटांनी मोजली. जाकिरची मोठी होती. शिवाय त्याला सगळं दोन-दोन दिसत होतं, त्यामुळे जाकिरचं नाव दोनदा वाचावं लागलं.

उमुरझाकच्या मुलाचं लग्न तोंडावर होतं आणि भिंत खांद्याएवढीच होती. हमराकुलने दोन दिवस एकट्याने काम केलं. तिसऱ्या दिवशी उमुरझाकने येऊन नव्या विटांकडे पाहिलं. गुरांच्या बाजारात बैल नापसंत पडला की तो तसा बघायचा.

“उस्ता, ही रेघ आणि ती रेघ यांचं भांडण झालंय का?”

“पाय दुखतोय,” हमराकुल म्हणाला.

त्याच दुपारी जाकिरने दोन माणसं पाठवली, सराव म्हणून, फुकट. एक पन्नाशीचा निवृत्त व्यायामशिक्षक होता. दुसरी झेबो नावाची बाई, जिचा नवरा सेंट पीटर्सबर्गला गवंडी होता. दोघांच्याही डोक्यावर पांढरं हेल्मेट. हमराकुल चापान घालून सावलीत बसला. उस्ता आहे हे कळायला नको का?

“किती दिवस झाले शिकायला लागून?” त्याने विचारलं.

“दुसरा महिना, उस्ता,” झेबो म्हणाली. “हे वरचे रद्दे उतरवू का? डावीकडे गेलेत.”

“ते मुद्दाम आहेत,” हमराकुल म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली आणि उतरवू लागली.

मग तिने पिशवीतून साबणाच्या वडीएवढं काहीतरी काढलं, तिवईवर ठेवलं आणि बटण दाबलं. भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाल रेघ पडली. व्यायामशिक्षकाने माल पसरला, झेबोने रेघेला वीट लावली, पुढची लावली, त्याच्या पुढची लावली. हमराकुलने डोळे बारीक केले. रेघा दोन दिसत होत्या, पण दोन्ही सरळ होत्या.

बर्फ पडायच्या आत भिंत पुरी झाली. हमराकुलने एगमबेर्दीला बोलावून आणलं. एगमबेर्दीने तीन ठिकाणी ओळंबा सोडून पाहिला आणि दोरी गुंडाळली.

कोणाच्याही आशीर्वादाविना भिंत सरळ होती. ते लाल रेघेचं यंत्र कोकंदच्या बाजारात कुलपांच्या दुकानात मिळतं.